मालकाच्या खिशाची काळजी कशी वाहावी

२०२५च्या थँक्सगिव्हिंगला साडू आला होता. फिलाडेल्फियाहून, टर्नपाइकवर पाच तास गाडी हाकत. टर्कीच्या जोडीला बायकोने मसालेभात केला होता. तो पानात घेता घेता साडू म्हणाला, "काय मग, या हिवाळ्यात तुमचा मालक पैसे सोडणार म्हणे?" मालक म्हणजे आमच्या पिट्सबर्गच्या बेसबॉल क्लबचा, पायरेट्सचा; पैसे म्हणजे नवे खेळाडू घ्यायला.

मी तोंड उघडणार तेवढ्यात समोरून काका म्हणाले, "सोडेल की! पण त्याचीही बाजू समजून घ्यायला हवी ना. बाजार केवढासा आपला!"

काका पिट्सबर्गला १९७८ साली आले. पुढच्याच वर्षी पायरेट्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकली आणि काकांना वाटलं, इथे हे असंच चालत असेल. त्यानंतर क्लबने वर्ल्ड सिरीजचं तोंड पाहिलेलं नाही. काकांचे केस गेले, दोन्ही गुडघे बदलून झाले, नाती कॉलेजात गेल्या. मालकाची बाजू समजून घेणं मात्र सुटलं नाही. पुढचा सव्वा तास त्यांनी मला, माझ्याच घरात, ज्याच्या क्लबची किंमत अब्ज डॉलरच्या वर आहे त्या माणसाला एक बरा फलंदाज कसा परवडत नाही, हे पटवून दिलं. नॅपकिनवर आकडेमोड केली. तो नॅपकिन, मसालेभाताच्या तेलाच्या डागासकट, या क्षणी माझ्यासमोर आहे.

तेव्हा कुठे कळलं की चाहता म्हणून मी अगदीच अडाणी आहे. तुम्हीही असाल. म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, खेळ बघणं सोडा. चेंडू कुठे गेला, कोण धावला, ही पोरासोरांची कामं. जाणत्या चाहत्याने ताळेबंद बघावा. आता ताळेबंद कोणी दाखवत नाही, ही किरकोळ अडचण आहे. एकदाच, २०१० साली, क्लबचे कागद फुटले आणि छापून आले. २००७ आणि २००८ मिळून जवळपास २ कोटी ९० लाख डॉलर नफा. ही दोन्ही वर्षं १९९३ ते २०१२ या सलग २० पराभूत हंगामांच्या पोटात येतात. मैदानावर हार आणि वहीत नफा, हे सगळ्यांना साधत नाही. कौतुक करायला शिका.

"बाजार छोटा", म्हणजे गाव लहान, म्हणून गिऱ्हाईक आणि गल्ला कमी, हा मंत्र सकाळ-संध्याकाळ म्हणा.

मिलवॉकीचं नाव मात्र काढू नका. ते गाव बेसबॉलमधला सगळ्यात छोटा बाजार आहे, आमच्याच गटात आहे, आणि त्यांनी यंदा ९७ सामने जिंकले. आम्ही ७१. मी नाव काढलं तर काका म्हणाले, "त्यांचं वेगळं आहे." काय वेगळं आहे ते नॅपकिनवर नाही.

नॅपकिनवर आणखीही एक गोष्ट नाही. प्रत्येक क्लब आपल्या स्थानिक उत्पन्नातला ४८ टक्के वाटा एका हंड्यात टाकतो आणि तो हंडा ३० जणांत सारखा वाटला जातो. म्हणजे न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसवाले भरतात आणि आमच्यासारखे नेतात. राष्ट्रीय टीव्हीचे पैसे समान, ते वेगळेच. एकही तिकीट विकलं जाण्याआधी, एकही हॉटडॉग शिजण्याआधी हे पैसे घरात येतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आड काठोकाठ भरलाय, पोहरा तेवढा कोणी आत सोडत नाही. काकांनी जमेची ही बाजूच मांडली नाही. खर्चाची बाजू मात्र वळणदार अक्षरात, खाली दोन रेघा मारून.

तुमच्या घरी फिलाडेल्फियाचा साडू येत असेल तर एवढं सांभाळा, मालकांची तुलना करू नका. त्यांचा मालक २०१८ साली उघडपणे म्हणाला होता की यंदा खर्च करताना कदाचित थोडा मूर्खपणाही करू. आणि खरोखरच ब्राइस हार्परला १३ वर्षांसाठी ३३ कोटी डॉलर मोजून मोकळा झाला. मूर्ख मालक मिळायलाही नशीब लागतं. साडूचं म्हणणं असं की एवढे ओतूनही त्यानंतर अजिंक्यपदाची अंगठी काही आली नाही. खरं आहे. तो ऑक्टोबरमध्ये, बाद फेरीत, रडतो. आम्ही मे महिन्यातच उरकून घेतो. यंदा ८ मे रोजी मॅनेजरला नारळ दिला तेव्हा आमच्या खात्यावर १२ विजय आणि २६ पराभव होते.

आता रिबिल्ड, म्हणजे संघ मोडून नव्याने बांधणं. हा शब्द आला की माना डोलवा. मराठी माणसाला तो समजावून सांगायचीही गरज नाही. गिरगाव-लालबागच्या चाळीत ज्याचं बालपण गेलं त्याला पुनर्विकास ठाऊक असतो. बिल्डर येतो, चकचकीत चित्र दाखवतो, बिऱ्हाडं हलवतो, इमारत पाडतो. पाडायचं काम नेहमी वेळेवर होतं. मग वर्षानुवर्षं पत्रे ठोकलेला प्लॉट, आत कमरेएवढं गवत, आणि पत्र्यावर तेच चित्र, उन्हाने फिकं पडलेलं. विचारायला गेलात तर म्हणतात, परवानग्या चालू आहेत.

आमची चाळ जानेवारी २०१८मध्ये पाडली. दोन दिवसांच्या अंतराने गेरिट कोल ह्यूस्टनला आणि अँड्र्यू मॅकचन सॅन फ्रान्सिस्कोला. कोल आमचाच पिचर, २०११च्या ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीतला, पहिला खेळाडू, इथे पिकवलेला. २०१९च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या यांकीजनी त्याला ९ वर्षांचे ३२ कोटी ४० लाख दिले. मॅकचन २०१३चा एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. तो गेला त्या दिवशी आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कोणी कोणाशी बोललं नाही. मग चाहते चिडले म्हणून त्याच वर्षी जुलैअखेर क्लबने "आम्ही गंभीर आहोत" हे दाखवायला ख्रिस आर्चर या पिचरला आणलं. बदल्यात दिले ऑस्टिन मेडोज, टायलर ग्लासनाउ आणि शेन बाझ. आर्चर आला आणि गेला. ग्लासनाउ आता लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडून वर्ल्ड सिरीज जिंकतोय आणि ती मी घरात बसून टीव्हीवर बघतोय! त्यातही काका म्हणाले, "बघ, खर्च केला की असं होतं." अहो, तो खर्च होता का? घरातली तीन भांडी देऊन बोहारणीकडून एक चेपलेला टोप घेतला तर त्याला बायकासुद्धा खर्च म्हणत नाहीत!

आणि पाडून झाल्यावर बांधायला सिमेंट विकत आणावं लागतं. तिथे घोडं पेंड खातं. २०२५पर्यंतचा क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार २०२३चा, ब्रायन रेनॉल्ड्सचा, ८ वर्षांचे १० कोटी ६७ लाख ५० हजार. न्यूयॉर्कचे मेट्स जुआन सोटो या फलंदाजाला १५ वर्षांत ७६ कोटी ५० लाख देणार आहेत. सोटोची दोन वर्षं म्हणजे आमच्या रेनॉल्ड्सची जवळजवळ आठ. डॉजर्सचा २०२५चा पगारखर्च ३० कोटींच्या वर, आमचा अख्ख्या संघाचा १० कोटींच्या आत. बरं, सोटो मागतंय कोण? डॉजर्सची बरोबरी मागतंय कोण? एक फलंदाज मागतोय, जो चेंडू कुंपणापलीकडे मारेल. यंदा ११७ होम रन. तीसही संघांत सगळ्यात कमी. एकशे सतरा! आमच्याकडून जो पोरगा पिचिंग करतोय त्याच्या वाट्याला हे!

पॉल स्कीन्स. प्रत्येक ९ डावांत सरासरी दोन धावाही देत नाही, १.९७. नोव्हेंबरात साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा मान, मिळाला, एकमताने. आणि विजय-पराभव किती? दहा-दहा. तो बिचारा शून्यावर रोखायचा आणि आमचेही शून्यावर बसायचे. २०२५चा पगार दहा लाख डॉलरच्या आत, कारण नियमाने तेव्हा जास्त द्यावा लागत नव्हता. २०२९चा हंगाम संपला की तो मोकळा. म्हणजे मालकाला या शतकातला सगळ्यात स्वस्त सौदा मिळालाय. तो असताना चार पैसे टाकायचे नाहीत, तर टाकायचे कधी? त्याला ह्यूस्टनला पाठवल्यावर?

असो. रक्तदाब.

जर्सी विकत घेताना पाठीवर नाव नसलेली घ्या. आमच्या बायकोने लेकासाठी स्कीन्सची जर्सी एक साइझ मोठी आणली, म्हणाली, "तीन-चार वर्षं तरी चालेल." लेकाने भाबडेपणाने विचारलं, "जर्सी का स्कीन्स?"

"सेल द टीम", संघ विकून टाक, असं ओरडू नका, घसा बसतो. यंदाच्या होम ओपनरला, म्हणजे घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याला, लोकांनी ओरडून पाहिलं, विमानाच्या शेपटीला तशी पाटी बांधून स्टेडियमवरून फिरवली. मालकाने वर बघितलं असेल तर हवा काय छान आहे, एवढंच म्हणाला असेल.

आपण भारतीयांनी तर या क्लबबद्दल कृतज्ञच असावं. २००८मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध करणारा हाच क्लब. अमेरिकन बेसबॉलमध्ये भारतीयांशी झालेला पहिला करार. त्यावर हॉलिवूडने सिनेमाही काढला. दुसऱ्याने घेतलेल्या टीव्ही-स्पर्धेतून तयार माल उचलायचा, ही नजर लागते. त्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात मी या विषयावर दहा मिनिटं बोललो होतो, ऊर भरून. आठवलं की अजून कान गरम होतात.

श्रद्धेच्या जागांबद्दल फार हळवं राहू नका. आमच्या क्लबचा लाडका खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे १९७२च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाला आणि विमान समुद्रात कोसळलं. पुरते ३,००० हिट्स त्याच्या नावावर. त्याच्या जर्सीवरचा आकडा २१, म्हणून पीएनसी पार्कमधली, म्हणजे आमच्या स्टेडियममधली, उजवीकडची भिंत २१ फूट उंच बांधली. त्या भिंतीवरची २१ची खूण यंदा काढली आणि तिथे डब्यातल्या व्होडकाची जाहिरात लावली. व्होडका! त्याच्या मुलाने जाहीर नाराजी सांगितली, गावात बोंब झाली, मग खूण परत आली. त्याच सुमारास विटा. स्टेडियम बांधताना लोकांनी पैसे भरून बाहेरच्या फरशीत विटा घेतल्या होत्या, त्यावर आजोबांचं नाव, गेलेल्या बापाचं नाव. त्या उखडल्या आणि भंगाराच्या आवारात ढिगाने सापडल्या. फोटो निघाले. मग सारवासारव.

मला सांगा, वीट उखडायला परवानगी लागत नाही? उशीर होत नाही? छोटा बाजार आड येत नाही?

काका, तुम्हाला कोणी बसवलंय त्याच्या पेढीवर? पगार मिळतो का? तो बॉब नटिंग २००७पासून मुख्य मालक आहे, त्याच्याकडे हिशेबनीस आहेत, वकील आहेत, लोकांच्या करातून बहुतांशी बांधलेलं देशातलं सगळ्यात देखणं मैदान आहे. त्याच्याकडे फक्त तुमचा नॅपकिन नव्हता, तोही तुम्ही फुकट दिलात. मंडईत मेथीच्या जुडीला पाच रुपये जास्त सांगितले तर तुम्ही तीन गाळे फिरता, आणि इथे ४७ वर्षं सडका माल घेऊन वर विक्रेत्याची कड घेता? लहान पोराला सांगता, "समजून घ्यावं"? काय समजून घ्यायचं त्याने? की मोठा झाल्यावर असंच गप्प बसायचं?

आणि बाकीच्यांनी हसू नका. एप्रिलमध्ये स्कीन्सच्या बॉबलहेडसाठी, म्हणजे मान डोलवणाऱ्या बाहुलीसाठी, सकाळपासून पुलापलीकडे रांगा लावल्या होत्या त्या कोणी? वीस हजार बाहुल्या संपल्या म्हणून भांडले कोण? हरणाऱ्या संघाच्या मॅचला फटाके आहेत म्हटल्यावर पूर्ण स्टेडियम भरतं, ते कोण भरतं? पाचव्या डावानंतर पिरोगीच्या, म्हणजे पोलिश करंजीच्या, वेषातली माणसं धावताना टाळ्या पिटता, हातात महागडी बिअर, आणि घरी येऊन विचारता, यंदा सोडेल का हो पैसे? का सोडेल? तुमच्या जागी मी मालक असतो तर मीही सोडले नसते! हारल्यावरही तुम्ही येताच. जिंकून त्याला जास्त काय मिळणार आहे? पगार वाढवून मागणारे खेळाडू!

रांगेत मीही होतो. माझ्या मुलाची बाहुली टीव्हीवर ठेवलीय, तिचं डोकं अजून हलतंय.

हे लिहून होतंय तोवर काकांचा फोन आला. गुडघ्यांबद्दल बोलले, मसालेभाताची कृती बायकोकडून मागितली, आणि ठेवता ठेवता म्हणाले, "अरे, ओपनरची तिकिटं निघाली की आमचीही दोन काढ. मागच्या वेळेसारखी, नदी दिसेल अशी."

मी हो म्हणालो.