सगळं हवेवर आहे

गिटारच्या दुकानात भिंतीवर पन्नास-साठ गिटारी टांगलेल्या असतात आणि त्यातली एकही माझी नसते. मी डावखुरा आहे. लहानपणी आजीने उजव्या हाताने जेवायला लावलं, मास्तरांनी उजव्या हाताने लिहायला. गिटार मात्र मी चाळिशी उलटल्यावर कुणालाही न विचारता सुरू केली, त्यामुळे ती डावीच राहिली.

"त्यात काय एवढं, उजवी घ्या आणि उलटी धरा. जिमी हेंड्रिक्स नाही का वाजवायचा!" असं पुण्यातल्या प्रत्येक दुकानदाराने मला ऐकवलं. वाजवायचा, कबूल. पण तो हेंड्रिक्स होता आणि मी एका सहकारी बँकेच्या तक्रार निवारण कक्षात बसतो. शिवाय अकूस्टिक गिटारीच्या तारा उलट्या चढवल्या म्हणून ती डावी होत नाही. नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचा जाड तारेला जाड आणि बारीक तारेला बारीक पाडलेल्या असतात. खालचं सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती दुसऱ्या टोकाची पट्टी, मुद्दाम जरासं तिरकं बसवतात, जाड तारेला लांबी किंचित जास्त मिळावी म्हणून. तारांची अदलाबदल केली की वरच्या फ्रेट्सवर (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर) सूर असे घसरतात की शेजारचे खिडकी लावून घेतात. पोटात आतून चिकटवलेल्या पट्ट्यासुद्धा दोन्हीकडे सारख्या नसतात. हे सगळं मी घरी साग्रसंगीत समजावून सांगितलं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे महाग पडणार, एवढंच ना?"

मित्राच्या ओळखीने एक कारागीर सापडला. मावळात त्याची पत्र्याची शेड. नाव सांगत नाही. माणूस गुणी आहे आणि पुढेमागे गिटार दुरुस्तीला लागेलच.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी त्याच्याकडे गेलो. शेडमध्ये सरसाचा आणि चपड्याच्या पॉलिशचा वास. भिंतीला आठ-दहा गिटारी पोटं उघडी टाकून टेकलेल्या, सरकारी दवाखान्यातल्या पेशंटांसारख्या. उस्तादाने (मनातल्या मनात मी त्याला हेच म्हणतो) स्प्रूस लाकडाची एक फळी दोन बोटांत लोंबती धरली, तिला टिचकी मारली आणि म्हणाला, "ऐकलंत सर?" मला फळीला टिचकी मारल्यासारखा आवाज ऐकू आला. मी डोळे मिटून मान डोलावली. त्यानेही डोलावली. मग शिंप्यासारखी टेप काढून माझ्या डाव्या-उजव्या हाताची, पंजाची, बोटांची मापं घेतली. तिथेच मला सावध व्हायला हवं होतं. मापं घेणाऱ्या माणसाने आजवर मला कुठलीही वस्तू वेळेवर दिलेली नाही. माझ्या मुंजीचा कोट मला मुंजीनंतर मिळाला होता.

"किती दिवस लागतील?"

"तीन महिने धरा सर. फार तर साडेतीन. बाकी काय, सगळं हवेवर आहे."

मला वाटलं, हे तत्त्वज्ञान आहे. ४० हजार ॲडव्हान्स मोबाइलवरून पाठवला. तो मात्र तीन सेकंदांत पोहोचला.

जूनअखेर फोन केला. "सर, हवेत ८० टक्के ओल आहे. आत्ता आतल्या पट्ट्या चिकटवल्या तर डिसेंबरात लाकूड आक्रसेल आणि पोट फुटेल. चालेल?" आता 'पोट फुटेल, चालेल?' या प्रश्नाला कोणता सभ्य माणूस 'चालेल' म्हणेल? मी रात्री वाचून काढलं, तर उस्ताद खरं बोलत होता. लाकूड ओल पिऊन आडवं फुगतं आणि हवा कोरडी झाली की आक्रसतं. म्हणून गिटार जोडायची ती हवेत ४५-५० टक्के ओल असताना. वरची फळी जेमतेम तीन मिलिमीटरची आणि तिच्यावर सहा पोलादी तारा मिळून ७० किलोच्या आसपास ताण देणार. माझं स्वतःचं वजन ७२ आहे. तीन मिलिमीटरच्या फळीवर आपण जन्मभर उभे आहोत असं डोळ्यांपुढे आलं आणि माझा राग मावळला.

तिथेच चुकलं. गिऱ्हाइकाने कारण समजून घेऊ नये. एकदा समजलं की ते आपलंच होऊन बसतं आणि मग आपल्यालाच ते चारचौघांत सांभाळत फिरावं लागतं.

सासूबाई त्या महिन्यात आमच्याकडे होत्या. त्या रोज विचारायच्या, "आली का हो तुमची सतार?" मी त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं, "आई, आपण पावसाळ्यात पापड लाटतो का? तसंच आहे हे."

"नाही लाटत," त्या म्हणाल्या. "म्हणून उन्हाळ्यात लाटून ठेवतो. तुम्ही पाडव्याला सांगितलं होतंत ना?"

यावर उस्तादाकडे काय उत्तर असतं कोण जाणे, माझ्याकडे नव्हतं.

गणपती गेले. पितृपक्षात त्याने स्वतःहून फोन केला आणि म्हणाला, "दादा, गिटार झाली असती, पण या पंधरवड्यात नवी वस्तू कुठे घरात नेता? तुमच्यासाठीच थांबलोय." तोवर मी 'सर'वरून 'दादा'वर आलो होतो. ॲडव्हान्स जुना होत जातो तशी जवळीक वाढते.

दसऱ्याला मी जरा आवाज चढवला, तर व्हॉट्सॲपवर फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'आजचं काम'. शिसवीची फळी, शेजारी रंधा, बाजूला अर्धा कप चहा. मी फोटो बोटांनी मोठा करून करून पाहिला. पाठीमागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यावर आषाढी एकादशीचा विठोबा कमरेवर हात ठेवून उभा होता. मी हे कळवलं. दोन निळ्या खुणा आल्या. तासाभराने उत्तर आलं, 'पान उलटायचं राहिलंय दादा, कामाच्या नादात.' यावर काय बोलणार? कामाच्या नादात माणूस तीन-साडेतीन महिने पान उलटत नाही, एवढी एकाग्रता आमच्या बँकेत कुणाकडे नाही.

दिवाळीनंतर शिसवीचं प्रकरण निघालं. "दादा, इंटरनॅशनल करार आहे. रोझवूडवर बंदी आलीय." मी पुन्हा वाचायला बसलो. या गिटारीने मला वाजवायला काही शिकवलं नाही, वाचायला मात्र लावलं. साइट्स नावाचा, दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापाराचा करार खरोखर आहे. २ जानेवारी २०१७ पासून त्यात शिसवीचं अख्खं कूळ आलं आणि जगभरचे गिटारवाले हवालदिल झाले. मग नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. आणि मुळात तो करार देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या मालासाठी आहे. शिसव तर आपल्या सह्याद्रीत वाढणारं झाड. उस्तादाची फळी कर्नाटकातून आली होती. वाटेत सीमेचा प्रश्न येऊन येऊन येणार तो बेळगावचा!

हे मी त्याला सुनावलं. तो जराही डगमगला नाही. उलट म्हणाला, "खरं सांगू का दादा, पाठीच्या लाकडाला एवढं महत्त्वच नसतं. आवाज असतो वरच्या फळीत. स्पेनच्या तोरेस नावाच्या कारागिराने १८६२ साली पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याची करून दाखवली होती. अजून बार्सिलोनाच्या म्युझियममध्ये आहे ती गिटार."

हेही खरं निघालं. या माणसाची सगळी माहिती खरी असायची, फक्त तारखा खोट्या.

"मग मला पुठ्ठ्याची द्या," मी म्हणालो, "पण या महिन्यात द्या."

तो मनापासून हसला. मला बरं वाटलं आणि नंतर बरं वाटल्याचा राग आला.

याच सुमारास माझ्या कक्षात एक निवृत्त शिक्षक आले. चेकबुक मागवून दीड महिना झाला होता. मी सवयीने म्हणालो, "सर, प्रोसेसमध्ये आहे." म्हणालो आणि मलाच मावळातून बोलल्यासारखं वाटलं. ते गृहस्थही अगदी माझ्यासारखेच समजूतदार होते. "हो ना, हल्ली कुरियरवाल्यांचंही कठीण झालंय," असं मलाच समजावायला लागले. ते मला पाहवेना. वरच्या मजल्यावर जाऊन शोधलं, तर चेकबुक एका ड्रॉवरमध्ये पडलं होतं. हवेचा काही संबंध नव्हता.

थंडीत पट्ट्या चिकटल्या, पोट बंद झालं, मान बसली. हे सगळं झपाट्याने झालं आणि मी गाफील राहिलो. कारण पुढे पॉलिश होतं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ पातळ हात मारायचे. एक वाळला की दुसरा, तो वाळला की घासून तिसरा. किती हात ते उस्तादाने कधी सांगितलं नाही. 'अजून उजळेल' एवढंच म्हणायचा. पाडवा पुन्हा आला. मी गुढीपुढे मनात म्हटलं, निदान वाढदिवस तरी तिचा साजरा करू. फेब्रुवारीपासून मी 'काका' झालो होतो. पुढची पायरी 'आजोबा', हे दिसत होतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात निरोप आला, 'काका, घेऊन जा.'

मी उरलेले ३५ हजार दिले, कव्हरचे वेगळे दिले, आणि घरी येऊन खोलीचं दार लावून पेटी उघडली. खोटं कशाला बोलू? गिटार देखणी होती. शिसवीच्या पाठीत आपलं तोंड दिसावं असं पॉलिश. सर्वात जाड तार नुसती सोडली, तर आवाज आधी माझ्या बरगड्यांत पोहोचला आणि मग कानांत. पंधरा महिन्यांचा सगळा हिशेब मी त्या एका तारेवर माफ करून टाकला. नट डावं, सॅडलचा तिरकेपणा डावा, सगळं जिथल्या तिथे. मग पाचव्या फ्रेटवर बोट ठेवायला मान वाकवली आणि फ्रेट सापडेना.

ज्यांनी गिटार धरली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मानेच्या वरच्या कडेला, वाजवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, बारीक पांढरे ठिपके असतात. तिसरा, पाचवा, सातवा, नववा फ्रेट आणि बाराव्याला दोन. त्यांच्या भरवशावरच आम्ही साधी माणसं वाजवतो. माझ्या मानेची कड कोरी होती.

मुलगा समोर जमिनीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याने वर पाहिलं. "बाबा, ठिपके इकडे आहेत की! छान दिसतायत."

उस्तादाने सगळी गिटार डावी केली होती. ठिपके तेवढे सवयीने उजव्या गिटारीच्या कडेला मारले होते आणि ते आता जमिनीकडे बघत होते. जमिनीवर बसणाऱ्या श्रोत्यांची मात्र उत्तम सोय झाली होती.

फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला, हे पंधरा महिन्यांत प्रथमच.

"अरेच्चा! हो की काका. आणून द्या, दोन तासांचं काम आहे."

"दोन तासांचं ना नक्की?"

"काम दोनच तासांचं. पण आता पाऊस तोंडावर आलाय..."

मी फोन ठेवला. बँकेच्या बॅगेतून व्हाइटनर काढला, गिटार मांडीवर आडवी घेतली, श्वास रोखला आणि तिसऱ्या फ्रेटशी पहिला ठिपका दिला. बरा आला. पाचव्याचा जरा पसरला, सातव्याचा शेंगदाण्याएवढा झाला. बायको दारात येऊन उभी होती.

"वाळायला किती वेळ लागेल?"

मी खिडकीतून वर पाहिलं. सिंहगडाच्या बाजूने काळं येत होतं.

"हवेवर आहे," मी म्हणालो.