‘स्वस्त पिकवेल तो टिकेल’ हे खरं नाही

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे: ‘शेतमालाची आयात खुली करा. स्वस्त पिकवेल तो टिकेल, बाकीचे दुसरं पीक घेतील, ग्राहकाला अन्न स्वस्त मिळेल. न्यूझीलंडने करून दाखवलं.’

‘स्वस्त पिकवेल तो टिकेल.’ कापसाचं पाहा. भाव पडला की अमेरिकेत सरकार शेतकऱ्याची तूट भरून देत आलं. त्यामुळे तो पेरा कमी करत नाही, माल येतच राहतो आणि भाव आणखी दबतो. आफ्रिकेतल्या माली किंवा बुर्किना फासोच्या शेतकऱ्याचा उत्पादनखर्च कमी, तरी पडलेला भाव त्याच्याच अंगावर. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत याविरुद्ध दाद मागितली आणि जिंकली. अनुदानाचा वाद अखेर २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन मिटवला. यात स्वस्त पिकवण्याचा संबंध कुठे आला?

‘ग्राहकाला स्वस्त मिळेल.’ मिळतं, काही वर्षं. कॅरिबियनमधल्या हैती या देशाने १९९५ मध्ये तांदळावरचा आयातकर ५० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. तिथल्या आर्टिबोनाइट खोऱ्यात कालव्याच्या पाण्यावर भात पिकायचा. अमेरिकेतून येणाऱ्या तांदळाला लोक ‘मायामी तांदूळ’ म्हणत आणि त्यापुढे खोऱ्यातला भात परवडेना. मग २००८ मध्ये जगात तांदूळ भडकला. हैतीत भुकेली माणसं रस्त्यावर आली, पंतप्रधानाला जावं लागलं. अमेरिकेचे अध्यक्ष असताना हे धोरण रेटणाऱ्या बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे ती चूक होती, असं कबूल केलं. आपल्या अर्कान्सा राज्यातल्या काही शेतकऱ्यांचा त्यात फायदा झाला असेल, असंही ते म्हणाले. हैतीचं नुकसान मात्र होऊन गेलं होतं.

‘दुसरं पीक घेतील.’ कशाच्या बळावर? अमेरिका आणि कॅनडाबरोबरच्या १९९४ च्या मुक्त व्यापार करारानंतर मेक्सिकोत भाजीपाला-फळांची निर्यात वाढली, पण ती मुख्यतः पाणी आणि भांडवल असलेल्यांची. दक्षिणेतल्या डोंगरउतारावर पावसाच्या भरवशावर मका घेणाऱ्याकडे यातलं काहीच नव्हतं.

न्यूझीलंडचं मात्र खरं आहे. १९८४ पासून तिथे अनुदानं काढली आणि बहुतेक शेतकरी तगले. पण त्यांची कुरणं मोठी, माल आधीपासून निर्यातीचा, आणि त्याच वर्षी चलनाचं २० टक्के अवमूल्यन झालं होतं. शिवाय तिथे काढली ती स्वतःची अनुदानं. हा दाखला आधी अनुदानं वाटणाऱ्या श्रीमंत देशांना द्या.