'डॉक्टर हू'ची ऑडिओ नाटकं दुय्यम आहेत म्हणणाऱ्यांना

'डॉक्टर हू' ही ब्रिटिश टीव्ही मालिका बघणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत गेले काही महिने एक मजकूर फिरतोय. मला तो निपाणीतल्या दोघांनी पाठवला, बेळगावात टिळकवाडीला राहणाऱ्या मित्रानं पाठवला, आणि परवा खानापूरच्या मावसभावानं "दादा, अगदी बरोबर लिहिलंय बघ" म्हणून पाठवला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: या मालिकेवरून निघालेली ऑडिओ नाटकं म्हणजे पडद्यावर जागा न उरलेल्या नटांची सोय. चित्र नाही म्हणजे गोष्ट अर्धी. मूळ कथानकात ती धरतच नाहीत. इतकी काढून ठेवलीत की हेतू फक्त पैशाचा. आणि शेवटी, आपल्या लोकांना कानानं नाटक ऐकायची सवयच नाही, हे गोऱ्यांचे चोचले.

हे पुढं पाठवणारी सगळी माझी माणसं आहेत, मालिकेवर जीव असलेली. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

ज्यांना मागचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. डॉक्टर हा काळात मागं-पुढं फिरणारा परग्रहावरचा माणूस. मरायला टेकला की तो नवं शरीर घेतो, म्हणजे नट बदलतो, म्हणून पहिला, दुसरा असे डॉक्टर मोजतात. बीबीसीवर ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली आणि १९८९ मध्ये थांबली. १९९६ ला एक टीव्ही-चित्रपट आला, पण त्यातून मालिका पुढं सरकली नाही. ती पुन्हा सुरू झाली थेट २००५ ला. मधल्या काळात, जुलै १९९९ मध्ये, 'बिग फिनिश' नावाच्या छोट्या कंपनीनं रीतसर परवाना घेऊन 'द सायरन्स ऑफ टाइम' हे डॉक्टरचं आपलं पहिलं ऑडिओ नाटक काढलं. पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर आणि सिल्व्हेस्टर मॅकॉय हे पडद्यावरचे पाचवे, सहावे आणि सातवे डॉक्टर त्यात स्वतः बोलले. तेव्हापासून ही नाटकं येतच आहेत.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण मला सगळ्यात लागला तो हाच. आपल्याला कानानं ऐकायची सवय नाही? आपल्याला?

माझी आई पस्तीस वर्षं विड्या वळायची. निपाणीत हे घरोघरी चालायचं. सोप्यात भिंतीला टेकून बसायची, मांडीवर सूप, सुपात ओली करून ठेवलेली पानं. पत्र्याचं माप पानावर ठेवायचं, कातरीनं कापायचं, चिमूटभर जर्दा घालायचा, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. पंचवीस झाल्या की कट्टा. मजुरी हजाराच्या हिशेबानं, त्यामुळं डोळे आणि हात दोन्ही अडकलेले. मोकळे फक्त कान. दिवळीत ट्रान्झिस्टर असायचा आणि त्यावर सांगली. सांगलीचं आकाशवाणी केंद्रही १९६३ सालचंच, डॉक्टरच्याच वयाचं. नभोनाट्य लागलं की शेजारच्या दोघी आपापली सुपं घेऊन आमच्याच सोप्यात यायच्या. सेल उतरले असले तर आदल्या दिवशीच ते उन्हात ठेवलेले असायचे. नाटकात दार वाजलं की एकीचा हात थांबायचा, आणि कोण आलं ते कळलं की पुन्हा चालू. पडद्याविना नाटक बघणं मी त्या सोप्यात शिकलो.

हे आमच्याच घरचं नाही. खानापूर भागातल्या वाड्यांवर टीव्ही पोचायच्या आधी रेडिओ पोचला होता. सीमाभागातला मराठी माणूस सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, पणजी असे काटे फिरवून मराठी शोधायचा, आणि धारवाडचं कन्नड नाटक लागलं तर तेही ऐकायचा. कीर्तन कानानं, गोंधळ कानानं, पोवाडा कानानं. श्रुतिका आणि नभोनाट्य हे शब्द आपल्या भाषेत इतके रुळलेले असताना ही सवय गोऱ्यांची कशी झाली?

एक अडचण मात्र खरी आहे, आणि मजकुरात तीच नेमकी नाही. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला इंग्रजी वाचून कळतं, ऐकून पटकन कळत नाही. त्यात ब्रिटिश नट, त्यात घाईघाईत बोलणारा डॉक्टर. मलाही सुरुवातीला प्रत्येक भाग दोनदा ऐकावा लागायचा. वेग थोडा कमी करून ऐकलं तर जमतं. महिन्या-दोन महिन्यांत कान बसतो.

आता 'चित्र नाही म्हणजे गोष्ट अर्धी' या मुद्द्याकडं येतो. हे म्हणताना मनात असं धरलेलं असतं की आधी टीव्हीचा भाग तयार होतो आणि त्यातून चित्र काढून टाकलं की ऑडिओ नाटक उरतं. ही नाटकं तशी लिहिलेलीच नसतात. रॉबर्ट शिअरमनचं २००३ मधलं 'स्केर्त्झो' घ्या. त्यात पात्रं दोनच, आठवा डॉक्टर आणि त्याची सोबतीण चार्ली पोलार्ड. जागा अशी की डोळ्यांचा काही उपयोगच नाही, आणि तिथं त्यांच्यासोबत जे जिवंत आहे ते आवाजाचंच बनलेलं. ऐकणाऱ्यालाही दिसत नाही, त्यांनाही दिसत नाही, त्यामुळं ते जिथं अडकलेत तिथंच आपणही अडकतो. हे पडद्यावर दाखवायला गेलं तर पांढऱ्या भिंतीपुढं दोन माणसं उभी दिसतील.

दुसरं उदाहरण माझ्या जास्त जवळचं. मार्क प्लॅटचं 'स्पेअर पार्ट्स', २००२ सालचं. सायबरमन, म्हणजे माणसाची यंत्रं झालेले डॉक्टरचे जुने शत्रू, कसे जन्माला आले त्याची गोष्ट. मरत चाललेल्या ग्रहावर जमिनीखाली एक शहर आहे, आणि जगायचं तर शरीराचे भाग बदलून घ्या, असं तिथं सांगितलं जातंय. त्यात हार्टली नावाचं एक साधं कुटुंब आहे. त्यांच्या मुलीला, इव्हॉनला, कामाचा हुकूम येतो आणि ती जाते. पुढं एकदा ती घरी परत येते, तेव्हा ती सायबरमन झालेली असते. सायबरमनांचा आवाज इथं १९६६ च्या त्यांच्या पहिल्या गोष्टीतल्यासारखाच आहे, वर-खाली हेलकावे खाणारा, भलत्याच शब्दावर जोर देणारा. त्या आवाजात ती बापाशी बोलते.

मी हे बेळगावला जाताना बसमध्ये ऐकत होतो. निपाणी ते बेळगाव सुमारे पंच्याहत्तर किलोमीटर, तवंदीचा घाट चढला की एक भाग संपतो, काकतीच्या अलीकडं तिसरा. त्या प्रसंगाला यमकनमर्डी मागं पडली होती. पुढचा रस्ता मला आठवत नाही. घरी आल्यावर रात्री तोच तुकडा पुन्हा लावला, या वेळी मोबाईलच्या स्पीकरवर. आई भाजी निवडत बसली होती. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. तिनं मान वर केली आणि विचारलं, "पोरगी घरला आली व्हय रं? काय झालंय तिला?"

अर्ध्या गोष्टीतून एवढं पोचत नाही.

आणखी एक बाब, जी हा मजकूर पुढं पाठवणाऱ्या प्रत्येकानं लक्षात घ्यावी. साठच्या दशकातले या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग बीबीसीकडं चित्ररूपात उरलेले नाहीत. टेपा महाग, पुन्हा दाखवायचे करार मर्यादित, म्हणून त्या पुसून वापरल्या गेल्या किंवा टाकून दिल्या. तरी त्या सगळ्या भागांचा आवाज आज आहे. कारण त्या वेळी घरोघरच्या काही पोरांनी प्रसारण चालू असताना टीव्हीचा आवाज टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतला होता. पुढं बीबीसीनंच त्या ध्वनिफिती निवेदन जोडून विकल्या. पहिल्या आणि दुसऱ्या डॉक्टरच्या कितीतरी गोष्टी जगभरचे चाहते आज कानानंच ओळखतात. त्यांना कुणी अर्ध्या म्हणत नाही.

'जागा न उरलेल्या नटांची सोय' हे वाचून मला कॉलिन बेकर आठवला आणि वाईट वाटलं. १९८६ मध्ये बीबीसीनं त्याला भूमिकेतून काढलं. पडद्यावरचा त्याचा डॉक्टर भडक कोटातला, तिरसट, आणि त्याला लिहून मिळालेल्या गोष्टीही फारशा बऱ्या नव्हत्या. ऑडिओमध्ये त्याच माणसाला मार्च २००० मध्ये इव्हलिन स्माइथ भेटली, इतिहास शिकवणारी, पंचावन्नच्या घरातली बाई. मॅगी स्टेबल्सनं ती केली. टीव्हीवर डॉक्टरसोबत फिरणाऱ्या मुली बहुतेक तरुण असायच्या. ही बाई त्याला उलट बोलते, त्याची कानउघाडणी करते. तिच्यासोबत तो तिरसट डॉक्टर हळूहळू मायाळू होत जातो, आणि ते होताना कानाला कळतं. मला विचाराल तर सहावा डॉक्टर खऱ्या अर्थानं तिथं पूर्ण झाला.

आठवा डॉक्टर झालेल्या पॉल मॅगनचं तर विचारूच नका. पडद्यावर त्याच्या वाट्याला १९९६ चा एक चित्रपट आला, पुढं २०१३ मध्ये सातेक मिनिटांचा एक लघुभाग आणि २०२२ मध्ये ओझरतं दर्शन. त्याचा डॉक्टर घडला तो जानेवारी २००१ च्या 'स्टॉर्म वॉर्निंग'पासून पुढं, स्टुडिओतल्या माईकसमोर. डेरेक जेकबीसारखा नावाजलेला रंगकर्मी २००७ च्या 'युटोपिया' भागात डॉक्टरचा जुना वैरी मास्टर म्हणून जेमतेम काही मिनिटं दिसला. २०१७ पासून त्याच मास्टरवर त्याची स्वतंत्र ऑडिओ मालिका सुरू झाली. ख्रिस्तोफर एकल्स्टन २००५ च्या एकाच हंगामानंतर मालिका सोडून गेला आणि नववा डॉक्टर म्हणून २०२१ मध्ये परतला तो ऑडिओतच. यातल्या कुणालाही सोय लावून घ्यायची गरज नव्हती.

देवाणघेवाण उलट दिशेनंही झाली. शिअरमनचंच २००३ चं 'ज्युबिली' हे नाटक एकट्या, कैदेतल्या, छळलेल्या डालेकभोवती, म्हणजे यंत्रकवचात राहणाऱ्या डॉक्टरच्या जुन्या शत्रूभोवती, फिरतं. मालिका परत आल्यावर २००५ चा 'डालेक' हा भाग त्याच कल्पनेवरून त्यानंच लिहिला. २००६ च्या सायबरमनांच्या दोन भागांमागं 'स्पेअर पार्ट्स' होतं, आणि श्रेयनामावलीत मार्क प्लॅटचे आभार आहेत. २००५ पासून टीव्हीवर डालेकचा आवाज काढणारा निकोलस ब्रिग्ज हा मूळ या ऑडिओ नाटकांतला माणूस. पडदा बंद होता त्या वर्षांत मालिकेची चूल कुणी पेटती ठेवली ते यावरून समजावं.

कॅननचा मुद्दा, म्हणजे मूळ कथानकात काय धरायचं नि काय नाही, थोडक्यात आटपतो. बीबीसीनं अशी यादी कधी जाहीर केलेली नाही. शिवाय १४ नोव्हेंबर २०१३ ला आलेला 'द नाइट ऑफ द डॉक्टर' पुन्हा बघा. आठवा डॉक्टर मरणाच्या दारात उभा राहून आपल्या सोबत्यांची नावं घेतो: चार्ली, क्रिझ, लूसी, टॅम्सिन, मॉली. ही पाचही माणसं ऑडिओ नाटकांतली, पडद्यावर कधीच न आलेली. बीबीसीच्या अधिकृत लघुभागात, आठव्या डॉक्टरच्या शेवटच्या शब्दांत ती नावं आहेत. त्या दिवशी मी ते तीनदा लावलं.

आता पैसा. या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. डॉक्टरच्या मुख्य मासिक मालिकेत १९९९ ते २०२१ या काळात २७५ प्रकाशनं झाली. त्याबाहेर उपमालिका आणि संच वेगळेच. पौंडाचे रुपये करताना आपल्याकडच्या माणसाचा हात आखडतो, माझाही आखडतो. सगळंच उत्तम आहे असंही नाही. तेच जुने शत्रू पुन्हापुन्हा आणलेले संच आहेत, एका नाटकाचा ऐवज चार नाटकांत ताणलेला आहे. नव्यानं येणाऱ्याला समोर डोंगर दिसतो.

पण फक्त पैशासाठी काढलीत म्हणायचं, तर 'जेगो अँड लाइटफुट'चं काय? १९७७ च्या एका गोष्टीतली दोन दुय्यम पात्रं, एक नाट्यगृह चालवणारा, एक डॉक्टरी पेशातला प्राध्यापक. मूळ गोष्टीत दोघांची गाठ पडते ती शेवटाकडं. त्यांच्यावर २०१० पासून तेरा मालिका निघाल्या, त्याच दोन म्हाताऱ्या नटांना घेऊन. निव्वळ धंदा बघणारा असल्या जोडीवर पैसे लावत नाही. आणि आठव्या डॉक्टरची लूसी मिलरसोबतची नाटकं ३१ डिसेंबर २००६ पासून बीबीसीच्याच रेडिओवर लागली, म्हणजे तिथल्या श्रोत्याला फुकट.

सगळं विकत घ्यायला कुणी सांगत नाही. आम्ही निपाणीतले चौघं वर्षाला दोन-तीनच नाटकं घेतो, ज्याच्याकडं आहे त्याच्या घरी जमून ऐकतो. सुरुवात 'स्पेअर पार्ट्स'नं करा, मागचं काही माहीत नसलं तरी चालतं. नंतर 'ज्युबिली'. इंग्रजी झेपायला लागलं की 'स्टॉर्म वॉर्निंग'पासून आठवा डॉक्टर आणि चार्ली. 'स्केर्त्झो' त्यांची ओळख झाल्याशिवाय ऐकू नका, वाया जाईल.

खानापूरचा भाऊ दिवाळीला निपाणीला येतोय. रात्री जेवणं झाली की त्याला सोप्यात बसवून 'द चाइम्स ऑफ मिडनाइट' लावणार आहे. जुनं घर, नाताळची आदली रात्र, घड्याळाचे टोले आणि दर टोल्याला मरणारे नोकर. दिवा मालवायचा असं ठरलंय. आई म्हणाली, "मी पण बसते. कोण काय बोललं ते मधीमधी सांगत जा."