लिराची फिकीर कोणाला?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कार्यालयातल्या संभाषणाच्या २३ जून १९७२च्या टेपचं शब्दांकन मी अनेकदा वाचलंय. निक्सनना शेवटी राजीनामा द्यावा लागला तो हिच्यामुळे. विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घुसखोरीचा, म्हणजे वॉटरगेट प्रकरणाचा एफबीआयचा तपास गुप्तहेर संस्था सीआयएला पुढे करून कसा रोखायचा, हे राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे चीफ ऑफ स्टाफ हाल्डमन ठरवत होते. त्याच बैठकीत हाल्डमन सांगतात की ब्रिटनने पौंड तरंगता सोडलाय, म्हणजे त्याचा भाव बाजारावर सोपवलाय. निक्सनना त्यात रस नाही. इटलीच्या लिरावर सट्टेबाजांचा डोळा आहे असा विषय निघतो, तेव्हा ते शिवी हासडून म्हणतात, लिराची मला फिकीर नाही.

दहा महिन्यांपूर्वी, १५ ऑगस्ट १९७१ला, डॉलरची सोन्याशी असलेली गाठ याच माणसाने सोडली होती. चलनांचा तो गोंधळ त्यानंतरचाच. प्रत्येक वेळी मला याचाच राग येतो.

'नेता घोटाळ्यात अडकला तरी यंत्रणा चालते,' असं कोणी म्हटलं की १९९८चा दाखला हमखास येतो. १७ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन मोनिका लेविन्स्कीशी असलेल्या संबंधांच्या प्रकरणात ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) साक्ष देत होते आणि त्याच दिवशी रशियाने रूबलचं अवमूल्यन करून कर्जफेड थांबवली. पुढे फेडच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, न्यूयॉर्क शाखेने बँकांना एकत्र बसवलं, १४ संस्थांनी सुमारे ३.६ अब्ज डॉलर घालून एलटीसीएम हा बुडता गुंतवणूक फंड सावरला. फेडने सप्टेंबर ते नोव्हेंबर तीनदा व्याजदर कमी केले. यंत्रणा चालली, हे खरंच.

पण यातल्या एकाही निर्णयाला अमेरिकी संसदेचं मत लागत नव्हतं. ज्याला लागत होतं, ते संकटातल्या देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीसाठीचे सुमारे १८ अब्ज डॉलर ऑक्टोबरपर्यंत रखडले. भांडणं इतरही होती, नाणेनिधीच्या अटींवरून, अगदी गर्भपाताच्या मुद्द्यावरूनही. तरी ज्याच्यावर महाभियोगाची चौकशी बसतेय, त्याने विरोधकांना कोणत्या तोंडाने गळ घालायची? बाजार सावरणारे निर्णय बंद दाराआड होऊन जातात, आणि ज्या मदतीसाठी चारचौघांत हात वर करावे लागतात तीच अडते. आशियात तर १९९७च्या आर्थिक संकटापासून लोकांचे रोजगार जात होते.

मग संकटकाळात घोटाळ्याकडे काणाडोळा करायचा का? अजिबात नाही. नेत्याचा वेळ तपास खात नाही, तपास दडपण्याची धडपड खाते. त्या टेपमध्ये पौंडाला किती वाक्यं मिळाली आणि सीआयएला किती, एकदा स्वतः वाचून बघा.