छेदातली मी

१५ जानेवारी २०२६ ला पुणे महापालिकेचं मतदान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे आमच्या इथे अमेरिकेतल्या आयोवात रात्री साडेनऊला, घरच्या ग्रुपवर दादाचा मेसेज पडला. मी डिशवॉशर लावत होते.

"निम्मं पुणे काल घरात बसलं. चार वर्षं प्रशासक आहे म्हणून बोंबा मारायच्या आणि मतदानाच्या दिवशी मुळशीला मिसळ खायला जायचं. लागोपाठ दोनदा मत दिलं नाही, तर नाव यादीतून उडवलंच पाहिजे. अमेरिकेत सामान्य माणूस राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवारसुद्धा स्वतः ठरवतो, तोही बर्फात उभा राहून. आमच्या आयोवाकरणीला विचारा."

खाली अंगठ्यांची रांग. वहिनीचाही अंगठा.

आयोवाकरणीला कोणीच काही विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको. दादाला मी पुराव्यापुरती लागते. पण तेव्हापासून हा मेसेज माझ्या डोक्यातून जात नाही. जे त्याला लिहिलं नाही, ते इथे लिहिते.

पहिली गोष्ट, त्या बर्फाची. १५ जानेवारी २०२४, सोमवार, संध्याकाळी सात. आयोवात रिपब्लिकन पक्षाचं कॉकस: उमेदवार निवडायला पक्षाच्या मतदारांच्या गावोगाव भरणाऱ्या सभा. म्हणजे पुण्याच्या मतदानाच्या बरोबर दोन वर्षं आधी, तारीखही तीच. कॉकसच्या इतिहासातली ती सगळ्यांत थंड रात्र होती. पारा फॅरनहाइटमध्येही शून्याच्या खाली, वारा धरला तर उणे तीसच्या आसपास. जगभरचे कॅमेरे राज्याच्या राजधानीत, डी मॉइनमध्ये येऊन बसले होते. नोंदणी केलेले रिपब्लिकन मतदार साधारण साडेसात लाख. त्यांतले आले किती? एक लाख दहा हजार. शंभरातले पंधरा. लोक अजून कागदाच्या चिठ्ठ्यांवर नावं लिहीत होते, तेवढ्यात टीव्हीवर निकाल जाहीर झाला. सुरुवात होऊन अर्धा तास झाला होता. ट्रम्प यांना छप्पन्न हजारांच्या वर मतं पडली आणि दुसऱ्या दिवशी 'आयोवाने कौल दिला' असं सगळीकडे छापून आलं.

छप्पन्न हजार! दादा, आपल्या कोथरूडच्या आमदाराला याच्या दुपटीहून जास्त मतं पडली. त्यांच्यासाठी सीएनएन आलं होतं का?

तर पुण्याची टक्केवारी बघू. २०२४ च्या लोकसभेला साडेत्रेपन्न. त्याआधी २०१९ ला पन्नासलाही थोडी कमी. म्हणजे मे महिन्याच्या उन्हात, सोमवारी, पुणेकर आयोवाच्या रिपब्लिकनांच्या साडेतीन पट उत्साही निघाले, आणि तरी शिव्या पुणेकरांनाच. इकडे पंधरा टक्के आले तर ती लोकशाहीची गंगोत्री, तिकडे त्रेपन्न आले तर नाकर्तेपणा. गोरा माणूस कमी संख्येने आला, तरी त्याची 'परंपरा' होते.

तुलना चोख नाही, हे मला कळतं. एक पक्षांतर्गत निवड आणि एक खरी निवडणूक. याच आयोवात त्या नोव्हेंबरात साडेसोळा लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं. हा आकडा दादाला सापडू नये म्हणून मी तो ग्रुपवर टाकला नाही. पण दादाने तरी कुठे चोख तुलना केली होती?

आणि ही परंपरा किती जुनी? १९६८ मध्ये हुबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. पक्षाच्या पुढाऱ्यांनी ठरवलं, संपलं. आपल्याकडे शेवटच्या रात्री पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म हातात पडतो, तसंच. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर डोकी फुटली, मग नियम बदलले आणि १९७२ पासून उमेदवार निवडीच्या क्रमात आयोवा पहिलं आलं. उणीपुरी पन्नास वर्षं. शनिवारवाड्यासमोर ही परंपरा म्हणून सांगायची म्हणजे जरा जास्तच. १९७६ मध्ये जिमी कार्टर आयोवातून 'उगवले', असं इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. त्या वर्षी पहिला नंबर खरं तर 'अजून ठरलं नाही' म्हणणाऱ्यांचा होता, कार्टर दुसरे. २०१२ मध्ये रिपब्लिकन पक्षाने आधी मिट रॉम्नी आठ मतांनी जिंकले म्हणून सांगितलं, आणि दोन आठवड्यांनी रिक सँटोरम चौतीस मतांनी पुढे निघाले. आपल्याकडे सोसायटीच्या निवडणुकीत असं झालं असतं, तर प्रकरण उपनिबंधकांकडे गेलं असतं.

तरीही खरं सांगायचं तर मी पहिल्यांदा कॉकस पाहिलं, तेव्हा भारावले होते. ३ जानेवारी २००८. तेव्हा आम्ही आयोवातल्याच एम्स गावात राहायचो, ग्रीन कार्ड होतं, मत नव्हतं. शेजारच्या निवृत्त शिक्षिका मला नुसतं बघायला म्हणून प्राथमिक शाळेच्या कॅफेटेरियात घेऊन गेल्या. डेमोक्रॅट्सचं कॉकस. गुप्त मतदान वगैरे काही नाही. ओबामांचा कोपरा, एडवर्ड्सचा कोपरा, हिलरींचा कोपरा. आपला डॉक्टर कुठे उभा आहे, पोस्टमन कुठे उभा आहे, सगळं गावाला दिसतं. मग मोजणी: एकेक जण मोठ्याने पुढचा आकडा म्हणतो. ज्याच्या कोपऱ्यात शंभरातले पंधराही नाहीत, तो कोपरा मोडायचा आणि लोकांनी दुसरीकडे जायचं. त्या मोडलेल्या कोपऱ्यांतल्या माणसांना ओढायला बाकीचे धावले, कोणी घरच्या कुकीजचं ताट पुढे केलं. लेकीला कडेवर घेऊन मी भिंतीला टेकून उभी होते. त्या रात्री राज्यभरातून जवळजवळ दोन लाख चाळीस हजार लोक आले होते. तो विक्रम त्या पक्षाला नंतर मोडता आला नाही.

रात्रीच बाबांना फोन लावला. त्यांच्या सकाळच्या चहाची वेळ. सगळं रंगवून सांगितलं. बाबांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेत. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे ग्रामसभाच की. छान असते. पण ग्रामसभेला येतं कोण, ते बघितलंस का?"

तेव्हा राग आला होता. बाबांना आपल्याकडचंच सगळं आधीचं वाटतं, असं वाटलं. आपल्या ग्रामसभेची गणपूर्ती किती, हे मला त्यांनीच त्या दिवशी सांगितलं: शंभरातले पंधरा मतदार किंवा एकूण शंभर, जो आकडा कमी असेल तो. तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला मग गणपूर्तीची अटच नाही. पंधरा या आकड्याला नक्की कोणाची दृष्ट लागली आहे कोण जाणे.

येतं कोण? ज्याला संध्याकाळी सात वाजता जाता येतं तो. रात्रपाळीची नर्स येत नाही. मांस कारखान्यात दुसऱ्या पाळीला असलेला माणूस येत नाही. २०२० मध्ये त्यांच्यासाठी ऑटम्वासारख्या ठिकाणी वेगळ्या वेळेची कॉकस ठेवली होती. पण त्या वर्षी निकालाचं अॅपच झोपलं आणि ते सगळं चांगलं काम त्याखाली गाडलं गेलं. न्यू हॅम्पशरला असली भानगड नाही. तिथे सरळ प्रायमरी: दिवसभर केंद्र उघडं, जा, आडोशाला मत द्या, घरी या. २०२४ मध्ये आयोवानंतर आठ दिवसांनी तिथे एकट्या रिपब्लिकन प्रायमरीला तीन लाखांवर मतं पडली. त्या राज्याची लोकसंख्या आमच्या निम्मीसुद्धा नाही. पण दादाला न्यू हॅम्पशर सुचत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर बर्फातली रांग असते, आणि ती बहुतेक मीच कधीतरी पाठवलेल्या फोटोतली.

आता नावं उडवण्याबद्दल.

दादाचं म्हणणं सगळ्यांना पटलं, कारण त्यात हिशोब आहे असं वाटतं. पण चौथीतल्या पोरालाही कळेल की टक्केवारीला अंश असतो तसा छेदही असतो. एक लाख दहा हजारांना नोंदलेल्या रिपब्लिकनांनी भागलं तर पंधरा टक्के. राज्यातल्या सगळ्या प्रौढांनी भागलं तर पाचाच्याही खाली. माणसं तीच. आणि पुण्याचा छेद म्हणजे मतदार यादी. तीत कोण कोण आहे? वारलेले आहेत. हिंजवडीतून बंगळुरूला गेलेले आहेत. पत्ता बदलून दोनदा आलेले आहेत. घरात बसणारा पुणेकर आणि यादीत बसलेलं भूत यांतला फरक टक्केवारीला कळत नाही. आधी याद्या साफ करा, मग पुणेकरांना शिव्या द्या. हे वाक्य मी ग्रुपवर टाइप केलं, पाठवायला बोट उचललं आणि थांबले.

कारण त्या यादीत मी आहे.

सप्टेंबर १९९९ मध्ये, लोकसभा आणि विधानसभेचं मतदान एकदमच होतं तेव्हा, मी कोथरूडला एकदाच मत दिलं. त्या हिवाळ्यात लग्न होऊन इकडे आले. नाव काढायला हवं होतं. २०१४ मध्ये मी इथली नागरिक झाले, तेव्हा तर काढायलाच हवं होतं. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या माझ्या ओसीआय कार्डावर बरंच काही मिळतं, मत मिळत नाही. नाव वगळायचा सात नंबरचा अर्ज भरायचा, एवढंच. मतदार यादी तपासणाऱ्या बीएलओ बाई दोन-तीनदा घरी येऊन गेल्या. "ह्या कोण?" विचारलं की बाबा म्हणायचे, "मुलगी. येते अधूनमधून." खोटं नव्हतं. २०१९ मध्ये बाबा गेले. दादाने महिनाभरात दाखला लावून त्यांचं नाव वगळून घेतलं, तो असल्या बाबतीत अगदी टापटीप आहे. माझं तसंच राहिलं.

त्या यादीत माझं माहेरचं नाव आहे. इथल्या लायसन्सवर, पासपोर्टवर, घराच्या कागदांवर सासरचं. माहेरचं नाव आता जगात दोनच ठिकाणी उरलंय: शाळेच्या दाखल्यावर आणि कोथरूडच्या मतदार यादीत. वडिलांच्या रकान्यात बाबा अजून आहेत. वयाच्या रकान्यात मी दरवर्षी न चुकता एका वर्षाने मोठी होते. म्हणजे कोणीतरी तिथे माझा वाढदिवस धरतं. आणि दर निवडणुकीला त्या साडेत्रेपन्नच्या उरलेल्या साडेसेहेचाळीसमध्ये मी एक. मुळशीला मिसळ न खाता.

मग इथे तरी मी अंशात आहे का, तर ऐका. २०२४ ला डेमोक्रॅट्सनी कॉकसमधली राष्ट्राध्यक्षपदाची पसंती टपालाने घ्यायची ठरवली. मागवलं की कार्ड घरी येतं, खूण करायची, पाठवायचं. मी मागवलं. ते फ्रिजवर, गणपतीच्या मॅग्नेटखाली, ५ मार्चपर्यंत राहिलं. त्या दिवशी निकाल लागला आणि मी ते कुपनांबरोबर टाकून दिलं. जुलैत बायडेननी माघार घेतली आणि एकाही प्रायमरीत नाव नसलेल्या कमला हॅरिस यांना पक्षाच्या प्रतिनिधींनी उमेदवार केलं. तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, बरंच झालं पाठवलं नाही ते." तो काही बोलला नाही.

त्या थंडीच्या रात्री रिपब्लिकनांच्या कॉकसला माझी लेक मात्र गेली होती. सतरा वर्षांची. नोव्हेंबरपर्यंत अठराची होणाऱ्यांना चालतं. तिथेच दारात रिपब्लिकन म्हणून नोंद केली, ट्रम्प यांच्या विरोधातल्या निकी हेलींचं नाव चिठ्ठीवर लिहिलं. मी तिला दोन स्वेटर घालायला लावले आणि गाडीत ब्लँकेट ठेवलं. परत आल्यावर बूट झटकत तिने विचारलं, "तू का नाही आलीस?" मी म्हटलं, उद्या लवकर मीटिंग आहे. ती "ओके" म्हणाली आणि वर गेली. तिच्याहून थोडी मोठी असताना मी दोन्ही मतं एका दिवशी देऊन शाई लागलेलं बोट बाबांना दाखवत फिरले होते, हे तिला सांगायचं राहिलं.

ग्रुपवर शेवटी मी एवढंच लिहिलं: "नावं उडवण्याआधी कोणाची आहेत ते बघ."

पाच मिनिटांनी दादाचा फोन. ग्रुपवर नाही, मला.

"तुझी मतदार चिठ्ठी यंदाही आली होती गं. आईने देवघरात ठेवलीये. मी अर्ज आणून ठेवलाय. भरू का?"

मागून आईचा आवाज आला. तिला वाटत होतं मी येण्याबद्दल काही बोलतेय.

मी विचारलं, "अनुक्रमांक किती आहे माझा?"

"थांब," तो म्हणाला, आणि चिठ्ठी आणायला गेला.