‘कॉर्टिसॉल फेस’चा फॉरवर्ड: पाठवा हवा तर, पण गोळ्या बंद करू नका

सध्या नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या आयांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: चेहरा गोल झालाय, पोट सुटलंय, सकाळी उठवत नाही? तुमचं कॉर्टिसॉल वाढलंय, हा ‘कॉर्टिसॉल फेस’. ताणामुळे तुमच्या अॅड्रिनल ग्रंथी थकल्यात. लॅबमध्ये सकाळचं कॉर्टिसॉल तपासून घ्या. ज्येष्ठमध-अश्वगंधाचा काढा सुरू करा. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आजपासून बंद. २१ दिवसांत चेहरा पूर्ववत.

मला हा मेसेज काळजीपोटीच पाठवला गेला. मला कुशिंगचा आजार होता (शरीरात कॉर्टिसॉल सतत जास्त राहण्याचा), त्यामागची मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतली गाठ नाकावाटे शस्त्रक्रिया करून काढली आहे, आणि ‘तुझंच वर्णन आहे गं’ असं पाठवणाऱ्यांना वाटलं. म्हणून एकेका ओळीचं उत्तर देते. क्रम मात्र माझा, कारण सगळ्यांत घातक ओळ त्यांनी शेवटाकडे, सहज बोलल्यासारखी टाकून दिली आहे.

‘स्टेरॉइडच्या गोळ्या आजपासून बंद.’ असं कुणीही करू नये. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच नावाचं संप्रेरक सोडते आणि त्याच्या हुकमावर, मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करतात. दमा, संधिवात, ल्युपस अशा आजारांत प्रेडनिसोलोनसारखी, कॉर्टिसॉलचंच काम करणारी स्टेरॉइडची गोळी तीन-चार आठवड्यांहून जास्त चालली की बाहेरून मिळतंय म्हणून पिट्युटरी गप्प बसू लागते आणि अॅड्रिनल ग्रंथी आक्रसू लागतात. ज्या घरात रोज बाहेरून डबा येतो तिथे चूल बंदच पडते. एके सकाळी डबा थांबवला म्हणून दुपारी चूल पेटत नाही. ग्रंथी पुन्हा कामाला लागायला महिने जातात, काहींना वर्षाहून जास्त.

त्या मधल्या काळात साधा ताप आला, जुलाब झाले, हाड मोडलं, तर शरीराला नेहमीपेक्षा जास्त कॉर्टिसॉल लागतं आणि ते तयारच होत नाही. उलट्या, पोटात दुखणं, रक्तदाब कोसळणं, साखर उतरणं, ग्लानी. याला अॅड्रिनल क्रायसिस म्हणतात. घरच्यांना वाटतं पोट बिघडलंय. हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे औषधरूपातल्या कॉर्टिसॉलचं, इंजेक्शन (मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅम) आणि सलाइन वेळेत मिळालं नाही तर माणूस दगावू शकतो. गोळी कमी करायची असतेच, पण ती डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि शेवटच्या टप्प्यात सगळ्यांत सावकाश.

मेसेज लिहिणाऱ्याला स्टेरॉइडबद्दल खरंच काळजी असती तर त्याने वेगळी गोष्ट लिहिली असती. जगभर कुशिंगचं सर्वांत मोठं कारण शरीरातली गाठ नसून बाहेरून घेतलेली स्टेरॉइडं हेच आहे, आणि आपल्याकडे कितीतरी जणांना आपण ती घेतोय याचा पत्ताच नसतो. गुडघेदुखीवर ‘एका दिवसात गुण’ देणारी, नाव नसलेली पुडी. दम्याची ‘शंभर टक्के जडीबुटी’. तब्येत भरण्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या बारीक गोळ्या. चेहरा उजळण्यासाठी वर्षानुवर्षं लावलेलं गजकर्णाचं मलम. पोटातून घ्यायची स्टेरॉइडं शेड्यूल ‘एच’मध्ये आहेत, २०१८ मध्ये स्टेरॉइड असलेली अनेक मलमंही त्यात आली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायलाच मनाई. काउंटरवर काय चालतं ते तुम्हीआम्ही पाहतो. अशी पुडी किंवा गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर तीसुद्धा झटक्यात सोडू नका. उरलेली पुडी, रिकामी पाकिटं, मलमाची ट्यूब पिशवीत घाला आणि थेट फिजिशियनपुढे ठेवा.

‘गोल चेहरा म्हणजे कॉर्टिसॉल.’ बहुतेकांच्या बाबतीत गोल चेहरा म्हणजे वाढलेलं वजन, अपुरी झोप, किंवा आईकडून आलेला चेहरा. हार्वे कुशिंग या अमेरिकी मेंदूशल्यविशारदाने १९३२ मध्ये पिट्युटरीतल्या गाठींमुळे होणाऱ्या या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. शरीरातूनच उद्भवणारं कुशिंग दुर्मिळ आहे, दर दहा लाखांत वर्षाला मोजके रुग्ण. पोट सुटणं, मधुमेह, रक्तदाब, पाळी चुकणं ही त्याची लक्षणं आहेतच, पण ती निम्म्या इमारतीला आहेत. कान टवकारायला लावणारी लक्षणं वेगळी: पोटावर-मांड्यांवर बोटभर रुंदीचे जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं होणं, कातडी कागदासारखी पातळ होणं, आणि दंड-मांड्यांतलं बळ जाणं. जमिनीवर बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येईना, ते मी ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं होतं. चाळिशीच्या आत मणका दबला किंवा बरगडी मोडली तरी विचार करावा. आणि मूल जाड होतंय पण उंची थांबलीय, हे दिसलं तर अजिबात थांबू नये. साध्या खाण्यापिण्याने जाड झालेली मुलं उंचीला सहसा मागे पडत नाहीत.

‘सकाळचं कॉर्टिसॉल तपासा.’ पैसे वाया. कॉर्टिसॉल सकाळी आठच्या सुमारास सगळ्यांचंच चढलेलं असतं आणि मध्यरात्री तळाला जातं. कुशिंगमध्ये बिघडतं ते हे उतरणं. त्यामुळे तपासण्याही तशाच: रात्री अकराला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची १ मिलिग्रॅमची गोळी घेऊन सकाळी आठ-नऊला रक्त द्यायचं (निरोगी माणसात कॉर्टिसॉल डेसिलिटरमागे १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली दबतं), रात्री उशिराची लाळ, किंवा चोवीस तासांची लघवी. यातल्या किमान दोन तपासण्या बिघडलेल्या आल्याशिवाय नाव घेत नाहीत. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर रक्तातलं कॉर्टिसॉल खोटंच जास्त दिसतं. आणि हे ठरण्याआधी एमआरआय काढायची घाई नको: कितीतरी निरोगी लोकांच्या पिट्युटरीत बारीक, निरुपद्रवी गाठी सापडतात, आणि मग नसता घोर लागतो.

‘अॅड्रिनल थकल्यात.’ गंमत बघा. वरच्या ओळीत कॉर्टिसॉल वाढलेलं, खालच्या ओळीत ते बनवणारी ग्रंथी थकलेली. एकाच मेसेजात दोन्ही! ‘अॅड्रिनल फटीग’ हे नाव १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका कायरोप्रॅक्टरने (हाताने मणके-सांधे दाबून उपचार करणाऱ्याने) रूढ केलं. २०१६ मध्ये अशा ५८ अभ्यासांचा आढावा घेतला गेला आणि असा आजार असल्याचा पुरावा मिळाला नाही. थकवा खोटा नसतो. त्यामागे हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोपेतलं घोरणं, नैराश्य यांतलं काही असू शकतं आणि ‘अॅड्रिनल’चं लेबल लागलं की ते शोधायचं राहून जातं.

अॅड्रिनल खरोखर बंद पडतात तेव्हा त्याला अॅडिसनचा आजार म्हणतात. थॉमस अॅडिसनने १८५५ मध्ये लंडनमध्ये तो नोंदवला. त्या काळी त्यामागे बहुतेकदा क्षयरोग असायचा, आणि भारतात आजही क्षयरोग हे त्याचं एक महत्त्वाचं कारण आहे. यात माणूस फुगत नाही, वाळतो. हिरड्या, तळहातावरच्या रेषा, जुने व्रण काळवंडतात, मीठ खावंसं वाटतं, उभं राहिलं की अंधारी येते. त्यावर काढा नाही, आयुष्यभर हायड्रोकॉर्टिसोन आणि बहुधा फ्लुड्रोकॉर्टिसोन.

‘ज्येष्ठमध-अश्वगंधा.’ अश्वगंधाने सकाळचं कॉर्टिसॉल थोडंफार उतरल्याचे लहान अभ्यास आहेत. कुशिंग बरं झाल्याचा पुरावा नाही, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र आहेत. ज्येष्ठमध तर इथे उलटंच काम करतं. मूत्रपिंडात कॉर्टिसॉल निष्प्रभ करणारं एक विकर असतं, त्यालाच ज्येष्ठमधातला घटक अडवतो. परिणाम: रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. घसा बसल्यावर चघळलेल्या काडीने काही होत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ काढा घेण्याची गोष्ट वेगळी. ज्याचं कॉर्टिसॉल खरंच वाढलंय त्याला हा काढा देणं म्हणजे त्याचा त्रास वाढवणं.

‘२१ दिवसांत पूर्ववत.’ यावर मला हसू आलं, कारण शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिने मी आधीपेक्षा वाईट होते. गाठ निघते तेव्हा कॉर्टिसॉल एकदम तळाला जातं. डॉक्टरांच्या दृष्टीने ती आनंदाची खूण. रुग्णाला मात्र सांधे ठणकणं, मळमळ, कातडीचे पापुद्रे, रडू येणं. झोपलेल्या अॅड्रिनल जाग्या होईपर्यंत हायड्रोकॉर्टिसोन घ्यावं लागतं. ताप आला की दुप्पट मात्रा, उलटीत गोळी टिकली नाही की इंजेक्शन, पाकिटात ‘स्टेरॉइडवर आहे’ असं कार्ड. दात काढायचा असला तरी आधी सांगायचं. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या प्रत्येक मेडिकलमध्ये नसतात, म्हणून गावी जाताना जास्तीची पट्टी. चेहरा उतरायला कित्येक महिने लागले. पट्टे गेले नाहीत, जांभळ्याचे पांढरे झाले. ज्यांची गाठ पूर्ण निघत नाही त्यांना कॉर्टिसॉल कमी करणारी केटोकोनॅझोलसारखी औषधं, रेडिएशन, क्वचित दोन्ही अॅड्रिनल काढणं, असे पुढचे रस्ते आहेत. गाठ काही जणांना वर्षांनंतरही परत होते, म्हणून मी दरवर्षी रात्री अकराला लाळेचा नमुना देते.