बाटलीवरील '२०२१' या सालाविषयी

महोदया, सप्रेम नमस्कार.

सिंगापूरच्या चायनाटाउनमधील आमच्या दुकानाला एक तारा देऊन आपण जे लिहिले आहे, ते मी गेल्या दोन दिवसांत अनेकदा वाचले. कुंग फूच्या वर्गात आपल्या मुलाच्या नडगीला मार लागला, आमच्याकडून नेलेले 'दित दा जाव' हे मारावर चोळायचे चिनी औषध लावताच त्याला असह्य झोंबले आणि पलंगपोसावर न निघणारे डाग पडले, याबद्दल मी आपली आणि त्याचीही मनापासून क्षमा मागतो. नडगी खरचटलेली होती, असे आपणच लिहिले आहे. या औषधात भरपूर मद्यार्क असतो. ते मुक्या मारासाठी, लचकण्यासाठी, न फुटलेल्या कातडीवरच चोळायचे असते. ही सूचना आमच्या सहायिकेने पिशवीत घातलेल्या पत्रकावर आहे, परंतु लहान मुलासाठी औषध नेले जात असताना ती तोंडी सांगायला हवी होती. ती चूक आमची आहे.

मात्र 'मुदत संपलेला जुना माल गळ्यात मारला' हे आपले वाक्य मला फार लागले, आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही.

बाटलीवर जे २०२१ हे साल आपण पाहिले, ते वनस्पती मद्यात भिजत घातल्याचे साल आहे. 'दित दा जाव' या कँटनी शब्दांचा अर्थच 'पडण्या-मार लागण्यावरचे मद्य' असा आहे, आणि ते मुरावे लागते. वनस्पती कुटून तांदळाच्या किंवा ज्वारीच्या कडक मद्यात घालतात, चिनी मातीच्या भरणीचे तोंड घट्ट बांधतात आणि ती अंधाऱ्या जागी ठेवतात. काही आठवड्यांत ते वापरता येते. पण ज्या गुरूंकडे मी हुंग गार ही कुंग फूची शैली शिकलो, ते वर्षाच्या आतली भरणी उघडू देत नसत आणि तीन वर्षांची भरणी पाहुण्यांना अभिमानाने दाखवत. आपल्याकडेही आसवे-अरिष्टे जितकी जुनी तितकी गुणकारी, असे वैद्य मानतात. तेव्हा आपल्याला जुना माल दिला हे खरे आहे, परंतु तो आमच्याकडचा सर्वांत चांगला म्हणून दिला, आणि त्यासाठी नव्या भरणीपेक्षा जास्त दर घेतला नाही. बाटली भरल्याची तारीख बुडाशी बारीक अक्षरांत आहे. ती सहज दिसत नाही, हे मी मान्य करतो.

त्या भरणीत काय आहे, हेही सांगतो, कारण 'कसली तरी चिनी मुळे' असे आपण म्हटले आहे. त्यात करडईची फुले आहेत, सोलापूरकडच्या शेतात फुलते तीच करडई. बोळ हा सुगंधी डिंक आहे, पतंग नावाच्या झाडाचे लाकूड आहे, रेवंदचिनी आहे, आणि आपल्या अंगणातल्या अनंताचे वाळलेले फळ आहे. रेवंदचिनी आणि अनंताचे फळ थंड मानतात, म्हणून ताज्या, सुजलेल्या, गरम लागणाऱ्या मारासाठी ही बाटली देतात. जुन्या, थंडीत ठणकणाऱ्या दुखण्यासाठी वेगळी, उष्ण द्रव्यांची बाटली असते. मार कालचाच आहे, असे आपण सांगितल्यावर सहायिकेने योग्य तीच बाटली काढली. डाग पडतात ते करडई आणि पतंग यांच्या रंगाचे. काही पाठांत, म्हणजे औषधाच्या कृतींत, बचनागाच्या जातीची मुळीही घालतात आणि ती पोटात गेल्यास जिवावर बेतू शकते; आमच्या पाठात ती नाही, तरीही बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

एक गोष्ट आपल्या लिहिण्यात आली नाही. मुलाला पाय टेकवत नाही, हे ऐकून सहायिकेने आधी क्ष-किरण तपासणी करून घ्या, असे सुचवले होते आणि आपण घाईत होता. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. पण 'विकण्यापलीकडे यांना काही कळत नाही' असे वाचल्यावर तिला रडू आले, आणि ती माझ्या दुकानात नऊ वर्षे आहे.

मराठी गिऱ्हाईक आमच्याकडे मोजकेच येते. आपण मराठीत लिहिलेत म्हणून ते इथल्या आपल्या सगळ्या माणसांनी वाचले असणार, याचीही मला काळजी वाटते. भरण्याची तारीख मोठ्या अक्षरांत छापणे, सूचना मराठीत देणे, अशा काही सुधारणा लवकरच करण्याचा विचार आहे. आपण उरलेली बाटली घेऊन या. पूर्ण पैसे परत करीन, आणि वेळ असल्यास ती भरणीही दाखवीन. सोमवारी दुकान बंद असते.